ओपीडीतून बाहेर पडणारा पेशंट समाधानी का असतो, आणि का नसतो?

ऋतुगंध

पेशंट नाराज का होतात असं विचारलं की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर येतं: "फार वेळ बसावं लागतं." मग सगळा खर्च आणि सगळी मेहनत बाहेरच्या खोलीवर होते. खुर्च्या बदलतात, टीव्ही लागतो, टोकनचं मशीन येतं. सहा महिन्यांनी पेशंटांनी भरलेले अभिप्रायाचे फॉर्म मोजले तर आकडे जवळजवळ तिथेच असतात. ज्यांना ओपीडीचं आतलं कामकाज माहीत आहे त्यांनी इथे नेमकं लिहावं: कुठे बिघडतं, का बिघडतं आणि दुरुस्त कसं करायचं.

माझं म्हणणं आधी मांडते. वाट पाहणं त्रासाचं असतंच, पण पेशंट घरी नेतो ती अर्धवटपणाची भावना. जे सांगायला आलो ते सांगून झालं का? आपल्याला काय झालंय ते कळलं का? पुढे काय करायचं आणि उतार पडला नाही तर केव्हा, कुणाकडे जायचं हे ठरलं का? या तिन्हींना "हो" म्हणता आलं तर लांबलेली वाटही बरीचशी विसरली जाते. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका ऑनलाइन सर्वेक्षणाच्या अभ्यासात हेच दिसलं होतं. डॉक्टरबरोबर मिळालेल्या वेळेचा समाधानाशी असलेला संबंध हा वाट पाहण्याच्या वेळेपेक्षा जास्त घट्ट निघाला. सगळ्यात वाईट गुण कुठे? लांब वाट आणि त्यानंतर घाईची तपासणी, ही जोडी जिथे होती तिथे.

"डॉक्टरबरोबरचा वेळ" म्हणजे नुसती घड्याळातली मिनिटं, असंही धरू नये. २०१७ मध्ये ६७ देशांतल्या तपासणीच्या वेळांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी ४८ सेकंदांपासून साडेबावीस मिनिटांपर्यंत फरक होता. ४८ सेकंदांत कुणाचंच भलं होत नाही हे उघड आहे. पण आठ मिनिटं आणि दहा मिनिटं यांत पेशंटला फरक जाणवतो तो त्या मिनिटांत काय घडलं यावरून.

अनुशेष

ऋतुगंध, अर्थ पटला, पण वाट पाहण्याला इतक्या लवकर बाजूला सारू नका. बाहेर गर्दी तुंबली की आतली तपासणी आपोआप घाईची होते. तुम्ही म्हणता ती वाईट जोडी अपॉइंटमेंटच्या वहीतच तयार होते.

साधा हिशोब बघा. नवा पेशंट १५ ते २० मिनिटं घेतो, फेरतपासणीचा ६ ते ८, नुसता रिपोर्ट दाखवणारा ३ ते ४. वहीत मात्र सगळ्यांना १० मिनिटं. पहिले दोन नवे निघाले आणि प्रत्येकाने १८ मिनिटं घेतली, तर तिसऱ्याची ९:२० ची वेळ ९:३६ ला सुरू होते. तो उशीर पुढे सरकत राहतो, कारण भरून काढायला मध्ये मोकळी जागाच ठेवलेली नसते. त्यात डॉक्टर वॉर्डातून अर्धा तास उशिरा आले की तो अर्धा तास शेवटच्या पेशंटपर्यंत जातो.

"सगळ्यांना ९ वाजता बोलवा, नंबराने घेऊ" ही पद्धत डॉक्टरचा एकही मिनिट वाया जाऊ नये म्हणून असते. हा प्रश्न जुनाच आहे. १९५२ मध्ये ब्रिटनमध्ये बेली आणि वेल्च यांनी यावर गणित मांडलं. सुरुवातीला दोन पेशंट एकदम बोलवा आणि पुढचे एकेक करून, सरासरी तपासणीच्या अंतराने. डॉक्टर फारसे रिकामे बसत नाहीत आणि रांगही फार वाढत नाही. सत्तर वर्षांनंतरही हा नियम कामाचा आहे.

दुसरी गोष्ट, वही शंभर टक्के भरू नका. पेशंटचं येणं आणि तपासणीचा वेळ दोन्ही पूर्ण अनियमित असतील तर रांगेचं गणित असं सांगतं: डॉक्टरचा ८० टक्के वेळ भरला असेल तर सरासरी वाट ही एका तपासणीच्या चौपट होते, ९० टक्क्यांना नऊपट. म्हणजे १० मिनिटांच्या तपासणीला ४० मिनिटं आणि ९० मिनिटं. अपॉइंटमेंट असलेल्या, काही तासांच्या ओपीडीत आकडे इतके मोठे येत नाहीत, पण चढ तसाच असतो. वही काठोकाठ भरणाऱ्या शेवटच्या दोन-तीन पेशंटांनी सगळी ओपीडी बिघडते. बारा जागांपैकी दोन कोऱ्या ठेवा, एक साधारण एक तासाने आणि दुसरी शेवटाकडे. तातडीचा पेशंट आला तर त्यात बसतो, नाही आला तर साचलेला उशीर फिटतो.

खुर्च्यांचाही हिशोब सोपा आहे. तासाला २० पेशंट येत असतील आणि प्रत्येक जण आत येण्यापासून बाहेर पडेपर्यंत सरासरी दीड तास असेल, तर कोणत्याही क्षणी ३० पेशंट आवारात असतात. त्यात सोबतची माणसं धरा. खुर्च्या वाढवून गर्दी मुरते एवढंच. तो दीड तास एक तासावर आणला तर २० च उरतात.

खारूताई

काउंटरच्या बाजूने लिहिते. वाट किती लांब, याच्याइतकाच प्रश्न वाट कशी, हा आहे. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये रांगांच्या मानसशास्त्रावर जे मांडलं ते ओपीडीला तंतोतंत लागू पडतं. किती वेळ लागेल ते माहीत नसलेली वाट जास्त लांब वाटते. कारण न सांगितलेली वाट तशीच. आणि अन्याय झाल्यासारखी वाटणारी वाटही तशीच.

किती वेळ लागेल ते सांगताना एकच आकडा देऊ नका आणि कमी तर मुळीच सांगू नका. अंदाज ३० मिनिटांचा असेल तर "३० ते ४५ मिनिटं" म्हणा. ३५ व्या मिनिटाला हाक आली तर माणूस खूष असतो. "बसा, पाच मिनिटांत" म्हणून चाळीस मिनिटं बसवलं तर पुढचं काहीच त्याला खरं वाटत नाही. दर २० मिनिटांनी उठून उभं राहून सांगायचं: आता कितवा नंबर आत आहे, उशीर किती, कशामुळे. "डॉक्टर बिझी आहेत" हे कारण होत नाही. "आतल्या पेशंटला जास्त वेळ लागतोय, तुमच्या आधी चार जण आहेत" हे होतं.

अन्यायाचं सांगते. ओपीडीतली निम्मी भांडणं "मला फक्त रिपोर्ट दाखवायचाय" यावरून सुरू होतात. त्यांना मध्येच घुसवलं तर बसलेले चिडतात आणि रांगेत बसवलं तर ते चिडतात. यासाठी ठरलेला नियम लागतो, उदाहरणार्थ दर चार पेशंटांमागे एक रिपोर्टवाला, आणि तो नियम भिंतीवर मोठ्या अक्षरात. तातडीचा पेशंट आधी घेतला तर मोठ्याने सांगावं, "यांना धाप लागली आहे म्हणून आधी घेतोय." त्यावर कुणी वाद घालत नाही. न सांगता ओळखीच्या माणसाला आत सोडलं की त्या दिवसाचे सगळे फॉर्म खराब येतात. औषध कंपनीच्या प्रतिनिधींची वेळ ओपीडी संपल्यावर ठेवावी, मध्ये नको.

आणखी एक चूक हमखास होते. बाहेरची गर्दी कमी दिसावी म्हणून पेशंटला आतल्या तपासणीच्या खोलीत नेऊन बसवतात. तिथे तो एकटा, कधी गाऊन घालून, वीस मिनिटं. आत घेतलं म्हणजे नंबर लागला असं तो समजतो, त्यामुळे ही वाट बाहेरच्यापेक्षा जास्त टोचते. डॉक्टर पाच मिनिटांत येणार नसतील तर आत नेऊ नका.

मंद्रसप्तक

आतल्या खोलीबद्दल. सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या अर्ध्या मिनिटात होतं. १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल यांनी ७४ भेटींची ध्वनिमुद्रणं ऐकली. पेशंटचं पहिलं बोलणं डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत तोडत होते आणि जेमतेम २३ टक्के पेशंटांना ते पूर्ण करता आलं. १९९९ च्या अशाच अभ्यासात हा वेळ २३ सेकंद निघाला. म्हणजे पंधरा वर्षांत पाच सेकंदांची प्रगती.

बोलणं तुटतं कसं? उद्धटपणाने नव्हे, प्रश्नाने. "पोटात दुखतंय" म्हटल्याबरोबर "कुठे? कधीपासून? जेवणाआधी की नंतर?" प्रश्न योग्यच असतात, फक्त फार लवकर येतात. पेशंट पहिली तक्रार सांगतो ती मुख्य असेलच असं नाही. पोटाचं सांगून झाल्यावर "आणि छातीत पण जरा..." असं तो म्हणणार असतो, पण तोवर डॉक्टर पोटाच्या मागे लागलेले असतात. मग तेच वाक्य दाराची कडी हातात धरून येतं. डॉक्टरला वाटतं पेशंट वेळ खातोय, पेशंटला वाटतं आपलं कुणी ऐकत नाही.

क्रम असा ठेवून बघा. सुरुवातीला मोकळा प्रश्न: "सांगा, आज काय त्रास आहे?" मग स्वतः गप्प. कीबोर्डवर हात नाही, नजर कागदात नाही. तो थांबला की यादी पूर्ण करून घ्यायची: "आज याशिवाय आणखी कशाबद्दल बोलायचंय?" हे दोन-तीनदा, तो "बस, एवढंच" म्हणेपर्यंत. मग एका वाक्यात परत सांगायचं: "म्हणजे पोट, झोप आणि गुडघा. आज पोटाचं आणि झोपेचं नीट बघू, गुडघ्यासाठी पुढच्या भेटीत वेळ ठेवू." पाच तक्रारी एका भेटीत उरकायच्या नसतात, पण कुठल्या उरल्या हे दोघांना माहीत हवं.

प्रश्नाच्या शब्दांनी फरक पडतो. "आणखी काही नाही ना?" विचारलं की उत्तर "नाही" येणारच. २००७ मध्ये हेरिटेज आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत इंग्रजीतल्या अशा दोन प्रश्नांची तुलना केली. आणखी काहीतरी असेलच असं गृहीत धरणाऱ्या प्रश्नाने न बोललेल्या तक्रारी ७८ टक्क्यांनी घटल्या, आणि भेट लांबली नाही.

वाटसरू

हे वाचायला चांगलं आहे. पण पेशंटला मोकळं सोडलं तर एकेक जण दहा-दहा मिनिटं बोलेल. साठ पेशंटांची ओपीडी संपायची कशी?

मंद्रसप्तक

वाटसरू, ही भीती सगळ्यांनाच असते, म्हणून ती मोजून पाहिली गेली आहे. स्वित्झर्लंडमधल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना मध्ये न बोलण्याचं प्रशिक्षण दिलं आणि चोरून वेळ मोजली. ३३५ पेशंटांचं आपणहून बोलणं सरासरी ९२ सेकंद चाललं आणि ७८ टक्क्यांचं दोन मिनिटांच्या आत संपलं. हा अभ्यास २००२ चा. तिथे गुंतागुंतीचे, लांबचे आजार असलेले पेशंट होते, तरीही.

शिवाय जो दीड मिनिट तुम्ही देता त्यात तुमचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. साठ पेशंट एका बैठकीत असतील तर मात्र अडचण ऐकण्याची नाही. अनुशेष यांनी लिहिलेला वहीचा हिशोब तिथे आधी करावा लागेल.

ऋतुगंध

मंद्रसप्तक, भेटीच्या शेवटाबद्दलही लिहा ना. "सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत" ऐकून पेशंट नाराज होऊन जातो, हे डॉक्टरांना अजिबात उमगत नाही.

मंद्रसप्तक

कारण डॉक्टरला "नॉर्मल" ही आनंदाची बातमी वाटते आणि पेशंटला ती आपल्या दुखण्यावरचा अविश्वास वाटते. त्याचं डोकं तर दुखतंच आहे. तिथे चार गोष्टी सांगाव्या लागतात: या तपासणीतून कुठला आजार नाही हे कळलं, मग दुखतंय कशामुळे, साधारण किती दिवस राहील, आणि काय झालं तर लगेच यायचं. तपासणीला पाठवतानाच "बहुधा नॉर्मल येईल, आला तर पुढे असं करू" म्हटलं असेल तर रिपोर्टच्या दिवशी अर्धं काम झालेलं असतं.

"किती दिवस" हा भाग सर्रास राहून जातो. साध्या श्वसनसंसर्गानंतरचा खोकला सरासरी जवळजवळ १८ दिवस टिकतो. लोकांची अपेक्षा ७ ते ९ दिवसांची असते. २०१३ मध्ये या दोन्ही आकड्यांची तुलना प्रसिद्ध झाली. आता पाचव्या दिवशी आलेल्या माणसाला नुसतं "व्हायरल आहे, बरं होईल" सांगितलं तर नवव्या दिवशी तो दुसऱ्या डॉक्टरकडे असतो आणि पहिल्याला काही कळलं नाही असं ठरवून मोकळा होतो. "दोन-तीन आठवडे चालेल, हळूहळू कमी होईल. धाप लागली, रक्त पडलं, ताप उतरून पुन्हा चढला तर त्याच दिवशी या" हे सांगायला पंधरा सेकंद लागतात.

अँटिबायोटिकचंही तेच. "दिलं नाही तर पेशंट नाराज होतो" ही समजूत पक्की आहे. १९९९ मध्ये मुलांच्या ओपीडीत अमेरिकेत हे तपासलं. पालकांना अपेक्षित असलेलं अँटिबायोटिक मिळालं की नाही याचा त्यांच्या समाधानाशी संबंध दिसला नाही. अपेक्षेप्रमाणे बोलणं, समजावणं झालं की नाही, याचा दिसला. आणि डॉक्टर लिहून देत होते ते पालकांना हवं असेल या स्वतःच्या अंदाजावरून.

शेवटचा मिनिट. सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती पेशंट लगेच विसरतो असं २००३ च्या एका आढाव्यात आहे, आणि जितकं जास्त सांगाल तितका विसरण्याचा वाटा वाढतो. म्हणून तीन मुद्द्यांवर थांबा आणि ते लिहून द्या. "कळलं ना?" विचारू नका, सगळेच मान डोलावतात. "मी नीट सांगितलं का ते बघायचंय, या गोळ्या घरी कशा घ्याल ते सांगा बरं" असं विचारा. चूक झाली तर तिथेच कळते, आणि चूक आपल्या सांगण्याची धरल्यामुळे पेशंटला परीक्षा दिल्यासारखं वाटत नाही.

प्रमाणविचलन

मोजमापाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो, कारण चुकीच्या मोजमापावरून चांगल्या डॉक्टरांना बोलणी खावी लागतात, आणि ते फार वाईट आहे.

"तुम्ही समाधानी आहात का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. बहुतेक लोक ४ किंवा ५ देतात, सगळे डॉक्टर वरच्या टोकाला चिकटतात आणि सुधारणा दिसायला जागाच उरत नाही. घडलं की नाही ते विचारा: "जे सांगायचं होतं ते सगळं सांगता आलं का?", "औषध कशासाठी आहे ते सांगितलं का?", "त्रास वाढला तर काय करायचं ते माहीत आहे का?" पर्याय "पूर्णपणे", "थोडंफार", "नाही". मोजायचं फक्त "पूर्णपणे".

किती फॉर्म? समजा ८० टक्के लोकांनी "पूर्णपणे" म्हटलं. ३० फॉर्म असतील तर त्या ८० ला दोन्ही बाजूंनी सुमारे १४ टक्क्यांची मोकळीक आहे, म्हणजे खरा आकडा साधारण ६६ ते ९४ मध्ये कुठेही असू शकतो. १०० असतील तर ८, ४०० असतील तर ४. आता कुणी ३० फॉर्मांवरून "अमुक डॉक्टर ८३, तमुक ७३, म्हणजे तमुक कमी" असं ठरवत असेल तर त्या क्रमवारीला काही अर्थ नाही. वयस्कर पेशंट सहसा जास्त गुण देतात आणि ज्यांची तब्येत एकंदरीत वाईट आहे ते कमी. म्हणजे जुनाट दुखण्याच्या क्लिनिकची तुलना लसीकरणाच्या क्लिनिकशी करता येत नाही. त्याच क्लिनिकची आधीची तिमाही आणि नंतरची तिमाही, एवढी तुलना ठीक.

फॉर्म कोण देतं यावरही आकडा हलतो. डॉक्टरच्या दारात नर्सने हातात दिला आणि तिथेच परत घेतला तर सगळं छान येतं. नाव न लिहिता पेटीत टाकायचा किंवा एक-दोन दिवसांनी फोनवर मेसेजने विचारायचं. तोवर औषध, रिपोर्ट, बिल हे सगळं अनुभवून झालेलं असतं. आणि दर पाचवा किंवा दहावा पेशंट असं आधी ठरवून द्या, नाहीतर हसतमुख पेशंटांनाच फॉर्म मिळतात.

आणखी एक. समाधान म्हणजे उपचाराचा दर्जा नव्हे. २०१२ च्या एका अमेरिकी अभ्यासात सर्वांत समाधानी गटाचा खर्च आणि मृत्यूचं प्रमाण दोन्ही जास्त निघाले होते.

मंद्रसप्तक

तो अभ्यास जपून वापरावा लागतो. तो निरीक्षणाचा आहे, म्हणजे समाधानामुळे मृत्यू वाढले असं त्यातून सिद्ध होत नाही. जास्त आजारी माणूस डॉक्टरकडे जास्त जातो, त्यांच्याशी जास्त जोडला जातो, हीही शक्यता उरतेच. पण डॉक्टरचा पगार समाधानाच्या गुणांना जोडू नये, हे मला पूर्ण मान्य. जोडला की नको ती तपासणी आणि नको ते औषध लिहिलं जातं.

खारूताई

दोन गोष्टी राहिल्या. पहिली, खाजगीपणा. काउंटरवर "काय होतंय?" असं सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं की अनेकांची ओपीडी तिथेच बिघडते. काउंटरला "नवीन की फेरतपासणी?" आणि "लगेच बघावं लागेल असं काही?" एवढंच पुरतं. तक्रार पल्स-बीपी घेताना, आडोशाला. तपासणीच्या खोलीचं दार बंद आणि आत एका वेळी एकच पेशंट. पुढचा पेशंट मागच्या स्टुलावर आणून बसवला की समोरचा माणूस अर्धं गिळून टाकतो. सोबत मुलगा किंवा सून असली तरी डॉक्टरांनी आजीशी बोलावं, आजीबद्दल नव्हे. आणि दोन मिनिटं तरी पेशंटला एकट्याने बोलायची संधी द्यावी.

दुसरी, डॉक्टरच्या खोलीनंतरचं. आत सगळं उत्तम होतं आणि मग पेशंट हातात तीन कागद घेऊन कॉरिडॉरमध्ये उभा असतो. आधी पैसे भरायचे की रक्त द्यायचं? उपाशीपोटी लागतं का? सकाळी चहा घेऊन आलेल्याला हे खिडकीवर कळतं आणि दुसऱ्या दिवशी परत यावं लागतं. उपाय साधा आहे: एकाच कागदावर क्रमाने १, २, ३, प्रत्येकापुढे खोली, आणि तळाशी रिपोर्ट केव्हा मिळेल आणि कोण सांगेल. "आम्ही कळवलं नाही तर नॉर्मल समजा" ही पद्धत बंद करा. रिपोर्ट हरवला तरी कळवलं जात नाहीच, मग पेशंट बिघडलेला आकडा खिशात घेऊन नॉर्मल म्हणून फिरतो.

वाटसरू

एक डॉक्टर, एक काउंटरवरची व्यक्ती, संगणक नाही. अशा ठिकाणी सुरुवात कशाने करावी?

अनुशेष

आधी एक आठवडा फक्त वेळा लिहा. प्रत्येक केसपेपरच्या कोपऱ्यात चार: आला, आत गेला, बाहेर आला, आवारातून गेला. पुढे एक अक्षर, न (नवा), फे (फेरतपासणी) किंवा रि (रिपोर्ट). आठवड्याअखेरीला वाट पाहण्याच्या वेळेची ("आला" ते "आत गेला") सरासरी काढू नका, दोन-चार लांबलेल्या केसेस ती फिरवतात. वेळा चढत्या क्रमाने लावा, मधली बघा आणि शंभरात नव्वदावी बघा. मधली २५ आणि नव्वदावी १०० मिनिटं असेल तर दोष वहीत आहे, वेगवेगळ्या पेशंटांना वेगवेगळी जागा द्या. दोन्ही सारख्याच मोठ्या असतील तर ओपीडी उशिरा सुरू होते आहे किंवा पेशंट क्षमतेपेक्षा जास्त आहेत.

ऋतुगंध

त्यात पाचवी नोंद माझ्यातर्फे: पेशंट उठल्यावर त्याने नवी तक्रार काढली का, हो की नाही. डॉक्टरांनी फक्त टिक करायची. दहातल्या तिघा-चौघांना टिक येत असेल तर पुढच्या आठवड्यात बाकी काहीही न बदलता फक्त सुरुवातीचा "याशिवाय आणखी कशाबद्दल बोलायचंय?" हा प्रश्न घालून बघा आणि टिका पुन्हा मोजा. भेटीचा वेळ केसपेपरवर आहेच, तो वाढला की नाही तेही तिथेच दिसेल.